थोरली अवसरी, धाकटी अवसरी

मंचरच्या परिसरात अवसरी दोन आहेत. सातबाऱ्यावर एक ‘अवसरी बु.’, दुसरी ‘अवसरी खु.’. या एका अक्षराला कमी लेखू नये. ते चुकले तर गट क्रमांक बरोबर असूनही जमीन भलत्याच गावची ठरते; कारण नाव सामाईक असले तरी महसुली दप्तरात ही दोन स्वतंत्र गावे आहेत आणि ग्रामपंचायतीही दोन.

‘बुद्रुक’ म्हणजे फारसीतील ‘बुजुर्ग’, थोर किंवा वडील. ‘खुर्द’ म्हणजे लहान. शेजारचे जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. 1490 मध्ये मलिक अहमदने तेथूनच स्वतंत्र सत्ता उभी केली. अशा मुलखाच्या महसुली परिभाषेत फारसी शब्द मुरणे स्वाभाविक होते. उत्तर हिंदुस्थानात हेच काम ‘कलाँ’ आणि ‘खुर्द’ ही जोडी करते. बेळगावजवळ कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द आहेत. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी गावांच्या नावांतील बुद्रुक-खुर्द जागचे हलले नाहीत.

थोरले-धाकटे करण्याची ही सवय केवळ आपल्या कारकुनांची नव्हे. कॅरिबियन समुद्रातील बेटांचेही ‘ग्रेटर अँटिलीज’ आणि ‘लेसर अँटिलीज’ असे दोन गट पाडलेले आहेत. बेटांतले बुद्रुक आणि खुर्दच म्हणा! त्या धाकट्या गटात सेंट मार्टिन नावाचे जेमतेम 87 चौरस किलोमीटरचे बेट आहे. 1648 च्या तहाने त्याचा उत्तर भाग फ्रेंचांकडे आणि दक्षिण भाग डचांकडे गेला. ती वाटणी आजही कायम आहे. फ्रेंच भाग 2007 मध्ये ग्वादेलूपपासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला; डच भाग, म्हणजे सिंट मार्टेन, 2010 पासून नेदरलँड्सच्या राजसत्तेखालील स्वायत्त घटक देश आहे. तेथे ‘बु.’ आणि ‘खु.’ लावावे लागत नाही. एकाच संताचे नाव दोन भाषांत उच्चारले की सीमा कळते.

अवसरीत मात्र विशेषणावरच सारी भिस्त. त्यातून गावाची योग्यता मोजू पाहणारा फसतो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 2009 मध्ये आले ते धाकट्या अवसरीत, अवसरी खुर्दला. प्रवेशपत्र घेऊन निघालेल्या परगावच्या विद्यार्थ्याने ‘खुर्द’ नीट वाचलेले बरे.

या दोन्ही अवसरींच्या तालुक्याची कथा आणखी विलक्षण आहे. तालुका आंबेगाव, पण कचेरी घोडेगावला. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते घोड नदीकाठचे मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. पुणे शहराच्या दक्षिणेला कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत, पण त्यांचा या तालुक्याशी संबंध नाही. इकडे तालुक्याच्या प्रत्येक दाखल्यावर, अवसरी बुद्रुकच्या सातबाऱ्यावरसुद्धा, पाण्याखालच्या त्या गावाचे नाव आजही उमटते.