घुमटाचा आवाज

चवथीला घरात आरत्या रंगल्या होत्या. घुमट, शामेळ, कासाळे, नुसता दणदणाट! आमची तीन महिन्यांची बाय मात्र आईच्या खांद्यावर गाढ झोपलेली. "किती शांत गो चेडू!" सगळे कौतुक करत होते. माझ्या पोटात गोळा आला. या वयात मोठ्या आवाजाला मूल दचकतं ना? मग आठवडाभर मी तिच्या पाठीमागे वाटीवर चमचा वाजवत होतो. कधी ती हलायची, कधी नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. झोपेतच तिच्या कानात इवलीशी नळी ठेवून तपासणी झाली. दोन्ही कान ठीक!

काल दारातूनच "बाय गो" म्हटलं. तिने मान वळवून मला शोधलं. पुढच्या चवथीला ती घुमटाला घाबरून रडली, तर मीच सर्वात जास्त हसेन.