चांद्याचे ऊन आणि न्हाणीजवळची मिरची

जुनी माणसे चंद्रपूरला अजूनही चांदाच म्हणतात, आणि चांद्याचा उन्हाळा ज्याने एकदा सोसला त्याला दुसऱ्या कोणत्याही गावच्या उन्हाचे फारसे कौतुक वाटत नाही. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणे इथे नवलाचे नाही. नवतपा लागला की दुपारी बारा ते पाच रस्ता ओस पडतो. दारापुढच्या मांडवाखाली माठ, त्याला ओले फडके, आणि बाजेवर घरातली सारी मंडळी. अशा मुलखात डब्यात आणि मडक्यात मिरची जगवणारी घरे आहेत, हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही.

चंद्रपूरहून मूलकडे निघालेली एस.टी. रानातून जाते. मूल सोडले की सावली, मग वैनगंगेचा पूल, आणि पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा एकच जिल्हा होता; त्या दिवशी गडचिरोली वेगळा झाला. जिल्हे दोन झाले तरी शेती एकच, धानाची. बांध्या, बोड्या, मामा तलाव आणि घरामागची सांदवाडी. पावसाळ्यात या सांदवाडीत वाल, दोडका, काकडी भरभरून येते. धान निघाले, बोडी आटली की सांदवाडीही सुकते. मार्चनंतर मोहफुले, मेमध्ये तेंदूपत्ता; घरची बाई पहाटेच रानात. भाजीला पाणी घालायचे कोणी आणि कुठले?

याच दिवसांत मूल, सिंदेवाही, सावली भागातली माणसे आणखी एका कामाला निघतात, ते म्हणजे तेलंगणात मिरची तोडायला. नवरा-बायको, कधी घराला कुलूप लावून मुलाबाळांसह. मजुरीचा काही भाग मिरचीच्या रूपाने आणणारेही असतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा यांतली हजारो माणसे तिकडेच अडकली. कित्येकजण पायी परतले. दुसऱ्याच्या रानातली मिरची पोत्यांनी तोडणाऱ्या या घरांत मेमध्ये भाजीत टाकायला हिरवी मिरची मात्र आठवडी बाजारातून येते, आणि ती जून मिरची बाजारवाला मोजून देतो. माझ्या नोकरीत पीकपाहणीच्या कागदांवर या खर्चाला कधी रकाना नव्हता. ज्या बाईच्या कनवटीतून तो जातो तिला तो बरोबर ठाऊक असतो.

सावलीच्या अलीकडे एका घरी न्हाणीच्या मोरीशी सात-आठ झाडे पाहिली. तेलाचे दोन डबे, एक फुटका रांजण, बाकी बुरडाकडच्या जुन्या टोपल्या, आतून खताची गोणी लावलेल्या. घरच्या मावशींची तक्रार एकच होती. "साहेब, फुलं तं येते, पन सारे झडून जाते जी. कोनतं औषध मारू?"

औषध कोणतेच नको. ही गोष्ट मी गावोगाव सांगतो, कारण इथेच पैसा आणि झाड दोन्ही वाया जातात. मिरचीला ऊब हवी असते, भट्टी नव्हे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रही गरम राहिली की फुलातला पराग निकामी होतो, फळ धरत नाही आणि झाड फूल टाकून देते. तो रोग नाही. झाड स्वतःचा जीव वाचवत असते. त्या वेळी युरिया टाकला तर कोवळी पालवी फुटते आणि तीच आधी करपते. एप्रिल-मेमध्ये मिरची मागू नये, झाड जगवावे. मिरची हे खरे तर काही वर्षे जगणारे झुडूप आहे. शेतात आपण ते एका हंगामात उपटतो म्हणून आपल्याला ते वर्षायू वाटते. उन्हाळ्यातून निघालेले झाड मृगाचा पाऊस पडल्यावर तिसरा हिस्सा छाटले आणि ओंजळभर कुजलेले शेणखत दिले की नव्याने फुटते. आपली रोपे जमिनीत रुजत असतात, तोवर हे कुंडीतले झाड फुलावर येते.

जगवायचे म्हणजे मुळे थंड ठेवायची. शेतातल्या झाडाची मुळे खोल जाऊन गारवा शोधतात. डब्यातल्या झाडाला पळायला जागा नाही. पत्र्याचा डबा दुपारी हात लावू देत नाही, मग आतल्या मुळांचे काय होत असेल! डबाच वापरायचा तर बाहेरून चुना फासावा आणि भोवती ओले पोते गुंडाळावे. बुडाला खिळ्याने पाच-सहा भोके हवीतच. मातीचे भांडे सर्वांत चांगले, कारण ते माठासारखे पाझरून स्वतः गार राहते. आपल्या भद्रावतीला मातीकामाची मोठी परंपरा आहे. पण नवी कुंडी विकत घ्यायची गरज नाही, गळका माठ पुरतो. तो मोठ्या टोपलीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी. भांडे निदान दहा-बारा लिटर माती मावेल एवढे असावे. लहान भांडे दुपारपर्यंत कोरडे होते.

माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग, आणि वाळू किंवा धानाचे तूस एक भाग. ताजे शेण घालू नये, मुळे जळतात. वर बोटभर तणस पसरावी. ती तर या मुलखात घरोघरी आहे.

जागेची गोष्ट पाण्याइतकीच मोठी आहे. घराच्या पूर्वेला, सकाळचे ऊन दहा-साडेदहापर्यंत मिळेल आणि मग भिंतीची सावली येईल अशी जागा धरावी. पश्चिमेची भिंत टाळावी. संध्याकाळचे ऊन आणि तापलेली भिंत मिळून झाडाला भाजून काढतात. कडुनिंबाची विरळ सावली असेल तर सोन्याहून पिवळे. भांडी जवळजवळ, विटांवर ठेवावीत, फरशीवर नव्हे.

पाणी पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली तर देऊ नये. दुपारी पाने मलूल दिसतात म्हणून घाबरून पाणी ओतणारे फार; संध्याकाळी तीच पाने आपोआप उभी राहतात. तांदूळ, भाजी धुतलेले पाणी उत्तम. अंघोळीचे चालते, पण मधून मधून साधे पाणी द्यावे. कपड्याच्या सोड्याचे पाणी मात्र नको. डोक्यावरून हंडा आणणाऱ्या बाईला वेगळे पाणी मागणारी परसबाग टिकत नाही, हे मी वीस-पंचवीस गावांत पाहिले आहे.

पाने मुरडली तर नीट पाहावे. वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी. निंबोळ्या रानात फुकट मिळतात. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून, थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावी. सगळे झाडच बोकडले, खुरटले, तर ते उपटून दूर गाडावे. पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते.

गडचिरोलीहून पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करीत सिरोंच्याला गेले की बोली बदलते, मराठीत तेलुगू मिसळते. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि नदीकाठच्या काळ्या जमिनीत मिरचीची शेतेच दिसतात. आपल्या धानपट्ट्यातल्या बाईला एवढी जमीन नको, चार मडकी पुरतात. बी सप्टेंबरअखेर टाकावे. महिना-सव्वा महिन्यात रोप लावणीला येते, आणि थंडीभर मिरची मिळते. ज्वाला किंवा फुले ज्योती घ्यावी, नाहीतर घरचीच. मावशींनी त्या दिवशी पदरातून वाळलेल्या चार लाल मिरच्या काढून दाखवल्या, तेलंगणातून आणलेल्या. याचे बी चालेल का, म्हणाल्या. संकरित वाणाची असेल तर पुढची झाडे सारखी निघणार नाहीत, पण मिरची लागेल, असे मी सांगितले. त्यांनी त्या पुन्हा गाठीला बांधल्या.