मेण, हळद आणि सासूबाईंची फरशी



निर्वाण लाडू झाला, दिवाळी झाली. आता घरोघरी फरश्यांवर तूप, तेल आणि मेण सांडलेलं असेल. पणत्यांपुरतं होतं तोवर निभत होतं. आता नातवंडांना रंगीत मेणबत्त्या लागतात. आमच्याकडे स्वाध्यायाच्या खोलीत लाल मेण वितळून थेट पांढऱ्या मकराण्यावर पसरलं. शेजारी पूजेच्या पिवळ्या तांदळांचा डाग. केशर महाग म्हणून हळदीत रंगवलेले तांदूळ ओले राहिले, की हे होतंच.

साकोलीहून पॉलिशवाले आले. म्हणाले, ॲसिड मारू, नाहीतर मशीन फिरवून थर काढून टाकू, नवी दिसेल. सून म्हणाली, "आई, करून घेऊया ना, एकदाचं होईल." मी नाही म्हटलं. त्या फरशीवर चार पुसट गोल खुणा आहेत. सासूबाई रोज पहाटे चौरंगी मांडून शास्त्र वाचायच्या, तिच्या पायांच्या. मशीनने मेणाबरोबर त्याही गेल्या असत्या.

ॲसिडचं तर बोलूच नका. संगमरवर म्हणजे मुळात चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आंबट काहीही पडलं, लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास धुण्याचं द्रावण, की फेस येतो. आपल्याला वाटतं मळ निघतोय, पण निघतो तो दगड. चकाकी जाते ती पुसून परत येत नाही. कोटा, शहाबाद, कडप्पा ही सगळी चुनखडीचीच भावंडं, त्यांनाही तेच लागू. श्रवणबेळगोळला 2018 मध्ये महामस्तकाभिषेक झाला. तिथे दूध, हळद, चंदन, उसाचा रस सगळं वाहिलं, पण ती मूर्ती ग्रॅनाईटची आहे. तिचं बघून घरच्या संगमरवराला गृहीत धरू नये. बी.कॉम.ला शिकलेला जमाखर्च इथे कामी येतो: ॲसिडची बाटली स्वस्त दिसते, कारण खर्चाच्या बाजूला दगड कुणी मांडतच नाही.

मग मेण कसं काढलं? प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून वर ठेवला. मेण कडक झाल्यावर जुन्या एटीएम कार्डाने अलगद सोललं. सुरी, तारेची घासणी नको. इस्त्रीने वितळवून कागदात टिपायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, पण मेण रंगीत असेल तर नकोच. ऊब लागली की रंग दगडाच्या छिद्रांत आणखी खोल उतरतो. (साधी मेणबत्ती पेट्रोलियमच्या पॅराफिनची असते, मधमाश्यांच्या पोळ्याची नव्हे. पण त्यात मिसळलेलं स्टिअरिन चरबीचंही असू शकतं, म्हणून माझं मन अजून पणतीकडेच.)

लाल छटा उरली. ती पृष्ठभागावर नव्हतीच, आत होती, आणि आत गेलेलं घासून निघत नाही, ओढून काढावं लागतं. मुलतानी मातीत रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाईन कालवून दाट लेप केला, आधी कोपऱ्यात करून पाहिला. अर्धा सेंटिमीटर जाड थापला, प्लास्टिकने झाकला, दुसऱ्या दिवशी उघडून पूर्ण वाळू दिला. वाळताना माती डाग शोषून घेते. ताजमहालावर पुरातत्त्व खात्याने 1994 पासून वेळोवेळी असाच मुलतानी मातीचा लेप लावला आहे, पाण्यात कालवलेला. टर्पेंटाईन असेल तेव्हा खिडक्या उघड्या आणि दिवा, गॅस बंद, हे विसरू नका.

तुपाच्या डागाला खायच्या सोड्याचा पाण्यातला लेप पुरतो. तो राहू देऊ नका, मुंग्या येतात आणि मग चालता-बोलता जीव पायाखाली जातो.

हळदीवर मात्र सोडा लावू नका. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सोड्यानेही ती तशीच लाल पडते. तिला औषधांच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साईड मातीत कालवून लावायचं, तेही फक्त पांढऱ्या दगडावर, काळ्यावर नाही. हातात मोजे घालून.

लाल डाग दोन लेपांत गेला. हळद फिकी झाली, गेली नाही. येत्या रविवारी तिसरा लेप. सून मुलतानी माती भिजवणार म्हणते, पण चौरंगी उचलून ठेवायचं काम माझं.