तुळजापूरच्या पलीकडची कवडी

परभणीहून नकाशावर सरळ रेघ मारली तरी समुद्र चारशे किलोमीटर लांब. गंगाखेडच्या बाजूच्या तिच्या घरात मात्र समुद्राचा ऐवज पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. आजी आराधी. मंगळवारी परडी घेऊन जोगव्याला निघाली, की कवड्यांची माळ आधी गळ्यात पडायची. सुट्या कवड्या पोरांच्या पटावर. उताण्या किती, पालथ्या किती, यावरून रोजची भांडणं.

कवड्या तुळजापूरहून येतात, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. नोकरीला लागल्यावर तिनं तिथल्या दुकानदाराला विचारलं, "तुमच्याकडं कुठून येतात?" तो म्हणाला, "सोलापूरहून, ताई."

खरा माग पुस्तकात सापडला. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवला राहिला, तेव्हा तिथली माणसं बंगालला कवड्या देऊन तांदूळ घेत. ओडिशात इंग्रजांनी कवडीचं चलन मोडलं. १८१७च्या पाइक उठावामागं तोही राग होता. मुलांच्या पटावरची ही कवडी कधीकाळी सारा भरायला चालत होती!

बऱ्याच वर्षांनी लेक तिला अंदमानला घेऊन गेली. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ सालचं. खाडी, खारफुटी, पंधरा बेटं. पर्यटकांसाठी मोसमाप्रमाणे आलटूनपालटून जॉली बॉय नाहीतर रेड स्किन खुलं. बेटावर प्लॅस्टिकला बंदी, त्यामुळे आधी पिशव्यांची झडती. काचेच्या तळाच्या होडीतून पोवळ्यांचे खडक दिसले, पोपटमासे दिसले, कवडी नाही. ती समुद्रातली गोगलगाय, निशाचर. दिवसा खडकाच्या कपारीत दडते, आणि बाहेर आली तरी अंगाचा मऊ पडदा पाठीवर ओढून घेते. त्या पडद्यामुळेच तिची झिलई टिकते.

वाळूत एक सापडली. पांढरी पडलेली, खरबरीत. लेकीनं उचलली, तर वनरक्षकानं परत वाळूत ठेवायला लावली. इथून शंख-शिंपला काही न्यायचं नाही. शिवाय रिकाम्या शंखात खेकडे बिऱ्हाड करतात.

तिच्या डोक्यात मात्र दुसरंच सुरू झालं. किनाऱ्यावर मेलेली कवडी अशी विटते, मग आजीच्या माळेतल्या चकचकीत कवड्या? त्या जिवंत असतानाच काढलेल्या असणार.

लेकीला हे सांगितलं, तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, आपल्याकडं नवरात्रात बकरं कापतात. तू गोगलगायीचं काय घेऊन बसलीस?"