शांत, मेहनती मुलगा

आमच्या दहावीच्या वर्गात अडतीस मुलं होती आणि अडतीसही जणांवर मीच लिहिलं. साल १९८४, गाव सिकंदराबाद, शाळा कॅथलिक फादरांची, फक्त मुलांची. नववीची मुलं दहावीला निरोप देत, त्या दिवशी सायक्लोस्टाइल केलेली एक पुस्तिका वाटली जाई. तिच्यात प्रत्येक मुलावर चार-सहा ओळी असत. माझं इंग्रजी बरं म्हणून क्लास टीचर असलेल्या फादरांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण कबुली माझी आहे, शाळेची नाही. मुलांचे रोल नंबर तेवढे देतो. हजेरीच्या वेळी आमची तीच नावं होती.

या पुस्तिकेबद्दल माझं एक मत चाळीस वर्षं पक्कं होतं. त्यात मी पोरांची टर उडवली, ती उडवायला नको होती. आणि ज्यांच्यावर दोन गोड शब्द लिहून सोडून दिलं, तेवढीच जागा निर्दोष राहिली. हे मत आता उलटं झालं आहे. कसं झालं ते सांगतो.

आधी आम्ही लष्करात कसे आलो ते. सिकंदराबादला जुनी माणसं अजून लष्करच म्हणतात. १९६६च्या २ ऑक्टोबरला दक्षिण मध्य रेल्वे निघाली, सोलापूर विभाग तिच्यात गेला आणि माझे वडील सोलापूरहून मुख्यालयात बदलून आले. १९७७मध्ये सोलापूर पुन्हा मध्य रेल्वेला मिळालं. वडील मात्र इथेच राहिले, आणि आमच्या घरातल्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' कायमचे राहायला आले. मराठी शाळा म्हणजे १९०७पासूनची विवेकवर्धिनी, ती पार तिकडे हैदराबादला. रोज एवढ्या लांब लहान मुलाला पाठवायचं कसं? शिवाय वडिलांना इंग्रजी हवं होतं. "पाद्र्यांच्या शाळेत घातलंस होय रे," असं आजोबांनी सोलापूरहून कार्ड टाकलं होतं. वर्षभरात मी रामरक्षा आणि 'अवर फादर' एकाच चालीत म्हणायला लागलो.

आयर्लंडच्या संताचं नाव इथल्या शाळेला कसं, हे कोडं मला फार उशिरा सुटलं. छावणीतल्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा होता आणि ते कॅथलिक. त्यांच्यासाठी डॅनियल मर्फी नावाचा आयरिश पाद्री आला, त्याने सेंट मेरीज चर्च उभारलं, आणि पुढे हाच माणूस थेट टास्मानियात होबार्टचा आर्चबिशप झाला. पलटणी गेल्या, पण सेंट पॅट्रिक आणि सेंट मेरी राहिले. त्यांच्या बाकांवर येऊन बसले ते मद्रास फौजेबरोबर आलेल्या तमिळ घरांतले, जनरल बाजारातल्या मारवाडी-गुजराती पेढ्यांवरचे, लालागुड्याच्या रेल्वे कॉलनीतले अँग्लो-इंडियन, तेलुगू ख्रिस्ती, तिरमलगिरीच्या फौजी क्वार्टर्समधून दर तीन वर्षांनी बदलणारे, आणि मी.

घरी 'व्यक्ती आणि वल्ली' होतं. १९६२ साली निघालेल्या या पुस्तकाची आमची प्रत इतकी वाचली गेली होती, की पानं सुटून क्रम लागेनासा झाला होता. तेव्हा लिहायचं इंग्रजीत असलं तरी साचा माझ्याकडे तयार होता. प्रत्येकात एक वल्ली शोधायचा, ज्याची खोड सापडली त्याला त्या खोडीने पकडायचं. पंधराव्या वर्षी मला वाटे, हेच लेखन.

नमुने देतो. १९८३च्या जानेवारीत एन. टी. रामाराव मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून रोल नंबर ३ स्वतःला मंत्रिमंडळात धरून चालत असे. त्याच्यावर मी लिहिलं, 'हा फळा पुसायला उठतो तोही रथावरून उतरल्यासारखा.' रोल नंबर ९, कापडदुकानदाराचा मुलगा: 'परीक्षेत पुरवणी मीटरने मागतो.' रोल नंबर १७ लालागुड्याचा, हॉकी आणि गिटार सोडून कशातच लक्ष नसलेला: 'भूगोलात याला एकच देश सापडतो, ऑस्ट्रेलिया, कारण तिथे याची आत्या आहे.' रोल नंबर २८ चर्चमध्ये मिस्साला सेवक म्हणून उभा राही; 'धूपदान हलवता हलवता डुलकी घेणारा भारतातला एकमेव इसम.' आणि रोल नंबर ३१, जो सात वर्षांत एकदाही पहिल्या घंटेला आला नाही: 'जगाच्या अंती निवाड्याच्या दिवशीही हा उशिरा पोहोचेल, आणि देवदूत याला वर्गाबाहेर उभा करतील.' ही ओळ वाचून फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ओळ ठेवली.

सगळंच ठेवलं असं नाही. रोल नंबर १२ अडखळत बोलायचा. त्या अडखळण्यावर मी एक कोटी केली होती आणि ती मला फार आवडली होती. फादरांनी तिच्यावर लाल पेन्सिल मारली, कारण सांगितलं नाही, नुसतं बघितलं. ती ओळ छापून गेली असती तर आज हे लिहायला मला तोंड नसतं.

उरलेल्यांचं काय? ज्यांची खोड सापडेना अशी सात-आठ मुलं निघाली. शेवटच्या रात्री स्टेन्सिल कापायला द्यायची घाई, तेव्हा त्यांना मी एकेका ओळीत उरकलं. चांगला खेळाडू. सर्वांशी मिळूनमिसळून वागणारा. रोल नंबर २२ माझ्याच बाकावर बसे, दोन वर्षं, डावीकडे. त्याच्यावर लिहिलं, 'शांत, मेहनती मुलगा. त्याला यश लाभो.'

पुढे मोठा झालो, नोकरीला लागलो, मुलं झाली, आणि पोरासोरांना टोपणनावं चिकटवण्याचा अपराध मनाला खाऊ लागला. माझ्या मुलाला शाळेत कोणी काहीतरी चिडवलं, त्या दिवशी तर ३१ नंबर रात्रभर डोळ्यांसमोर होता. म्हणून चाळीस वर्षं झाल्याबद्दल २०२४च्या डिसेंबरात बॅच जमायची ठरली, तेव्हा मी माफीचा एक कागद लिहून खिशात घालून गेलो. खरंच लिहून. पाठ होईना.

तो कागद बाहेर काढायची वेळच आली नाही. कोणीतरी पुस्तिकेच्या झेरॉक्स आणल्या होत्या, पण त्या कोणाला लागल्या नाहीत. ज्याला त्याला आपापली ओळ तोंडपाठ. तीन नंबर रथावरून उतरल्यासारखाच उठला, आता पोटासकट. सतरा नंबर पर्थहून व्हिडिओवर आला आणि आधी आपली ओळ मोठ्याने वाचायला लावली, मग हालहवाल विचारली. ३१ नंबर जेवणं सुरू झाल्यावर आला. मी उठून त्याच्याकडे गेलो, "अरे, मी तुझ्यावर जे लिहिलं होतं," एवढं म्हणतोय तोवर तो म्हणाला, मुलीच्या लग्नात वरात दोन तास उशिरा आली, तेव्हा मांडवात मी तेच वाचून दाखवलं आणि व्याह्यांना तिथल्या तिथे माफ केलं.

मी खूश झालो हे लपवत नाही. बशीत उस्मानिया बिस्किटं घेऊन कडेला बसलो, तर शेजारी २२ नंबर. तसाच बारीक, केस गेलेले. नकाशे आणि आराखडे काढण्याच्या कामातून निवृत्त झाला होता.

"मेरेपे क्या लिखा था, याद है क्या तेरेकू?"

मला आठवेना. त्याने म्हणून दाखवलं, शब्दाला शब्द, इंग्रजीत. आवाजात तक्रार नव्हती. मग म्हणाला, "चालीस साल से सोचरौं मियाँ, ये लड़का है कौन?"

मी काहीतरी सारवासारव केली. तू होतासच शांत, वगैरे. तो चहा बशीत ओतत म्हणाला, "और तेरा रेकॉर्ड?"

रेकॉर्ड म्हणजे जीवशास्त्राची आकृत्यांची वही. डावीकडे कोरं पान, उजवीकडे रेघांचं. त्याने एवढंच म्हटलं आणि विषय बदलला. मला मात्र घास गिळवेना, कारण अर्धवट काहीतरी आठवू लागलं होतं.

आईने माझं शाळेचं सगळं एका ट्रंकेत ठेवलंय. दुसऱ्या दिवशी ती उघडली. रेकॉर्ड खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, वर माझं नाव माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. आत जास्वंदीचा उभा छेद. एकच सलग बाह्यरेषा, कुठे पेन्सिल उचललेली दिसत नाही. आमच्या सरांना पेन्सिल आडवी घासून केलेलं शेडिंग चालत नसे, ठिपके द्यावे लागत. इथे पाकळीच्या तळाशी ठिपके दाट, कडेकडे विरळ होत गेलेले, इतके बारीक की मला चष्मा काढून वही नाकाला लावावी लागली. पुंकेसरांची नळी, वर पाच कुक्ष्या, बीजांडं मोजता येतील अशी. नावांसाठी उजवीकडे फुटपट्टीने ओढलेल्या समांतर रेघा. आणि त्या रेघांच्या टोकाला मी लिहिलेली नावं, एक वर चढलेलं, एक खाली घसरलेलं. पुढे बेडकाचं हृदय, मग मूत्रपिंड. अठरा आकृत्या. अठराही त्याच्या. सरांचा लाल शेरा होता, 'नीटनेटके. अक्षर सुधारा.'

म्हणजे मी त्याला मेहनती म्हटलं ते खोटं नव्हतं. ती मेहनत माझ्या वहीत होती, एवढंच मला लिहायचं राहिलं. तो शांत होता हेही खरं. बोलला असता तर आम्हा दोघांनाही छडी बसली असती.

माझ्या पोटात कालवलं ते आणखी एका गोष्टीने. 'व्यक्ती आणि वल्ली'मधलं पहिलंच चित्र नारायणाचं. लग्नघरात सगळ्यांसाठी राबणारा आणि लग्न उरकल्यावर कोणाच्या लक्षातही न राहणारा. ते मी दहादा वाचून दहादा घसा दाटून आणला होता. नारायण निदान आरडाओरडा तरी करतो. माझ्या डाव्या कोपराला लागून बसलेला तेवढंही करत नव्हता, म्हणून मला दिसला नाही.

माझं म्हणणं आता असं आहे की टर उडवायला माणूस आधी बघावा लागतो. ३१ नंबर रोज दारात कसा थबकतो, दप्तर कुठल्या खांद्यावर असतं, फादरांकडे न बघता आत कसा सरकतो, हे मी सात वर्षं पाहिलं होतं; ती ओळ त्यातून आली, आणि त्याला ते कळलं. 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'हसतमुख' ही आपल्याकडच्या निरोप समारंभातली शाल-श्रीफळं. मोकळी झाली की पुढच्या सत्काराला तीच वापरतात. कोणाच्याही खांद्यावर टाका, बसतात. मी स्वतः ऑफिसात निदान वीस जणांना असा निरोप दिला असेल, आणि प्रत्येक वेळी आपण सभ्य वागलो म्हणून घरी निवांत झोपलो असेन. बारा नंबरवरची ओळ वाईट होती, हे मान्य. पण ती छापली गेली नाही. बावीसची छापली गेली, आणि फादरांच्या लाल पेन्सिलीलाही तिच्यात काही सापडलं नाही.

बॅचची पुस्तिका पुन्हा टाइप करून काढायची ठरली आहे. बाकीच्या ओळी आहेत तशाच ठेवा असा सगळ्यांचा आग्रह आहे. मी फक्त एक बदलली. रोल नंबर २२ : 'या पुस्तिकेच्या लेखकाला जीवशास्त्रात मिळालेले मार्क याचे आहेत. एचबी पेन्सिलने याने काढलेल्या जास्वंदीत ठिपके मोजायला बसलात तर रात्र पुरणार नाही. हा चहा बशीत ओतून पितो आणि चाळीस वर्षांनी हिशेब मागतो, तोही एकदाच.' छापण्याआधी त्याला पाठवलं. दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी आलं, ठीक आहे, फक्त पेन्सिल एचबी नव्हती, टू-एच होती.

दुरुस्त केलं आहे.