ओळखीची सही

पूर्वी बँकेत खातं उघडायचं म्हणजे ओळखीची सही लागे. सही करणारा खातेदार जेवढा वजनदार, तेवढा अर्ज लवकर साहेबांच्या टेबलावर. पण काउंटरवर वीस वर्षं काढलेला कुठलाही कारकून तुम्हाला सांगेल, की त्या सहीनं खातं उघडतं, शिल्लक वाढत नाही!

हे बँकिंग मी परवा भाच्याला ऐकवलं. त्याचं म्हणणं, हजारो माणसं इंटरनेटवरून एकत्र खेळतात ते खेळ बड्या नावाशिवाय चालायचेच नाहीत. भाचा इंजिनियर, त्यामुळे आत्मविश्वास उदंड. मी बी.कॉम., मी पुरावा मागितला.

"वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट!" तो म्हणाला.

कबूल. २००४ साली आलेला हा खेळ आजही चालू आहे आणि वॉरक्राफ्ट हे नाव १९९४ पासूनचं. मोठ्या पार्टीला आम्हीही उठून खुर्ची देतो. पण बाकीच्या बड्या नावांचं खातं कोण उघडून बघणार?

'द सिम्स' हा घरसंसाराचा खेळ. एकेकट्यानं खेळायचा आणि तडाखेबंद खपलेला. त्याच नावावर २००२ च्या अखेरीस 'द सिम्स ऑनलाइन' निघाला. एकट्यानं संसार मांडणारे लोक चाळीत बिऱ्हाड करायला काही आले नाहीत. २००८ मध्ये टाळं! 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' २००३ चा. याहून वजनदार सही ती कुणाची असणार? पण २००५ मध्ये चालकांनी खेळाचे नियम मुळापासून फिरवले, जुने खेळाडू बिथरले आणि २०११ च्या डिसेंबरात दुकान बंद. नाव मात्र शेवटपर्यंत तेच होतं हो!

आता त्याच २००३ सालचा 'इव्ह ऑनलाइन' घ्या. गाव आइसलंड, देशाची वस्ती तेव्हा जेमतेम तीन लाख. मागे ना सिनेमा, ना कादंबरी. अवकाशात जहाजं बांधा, खनिजं खणा, व्यापार करा, भांडा. २००७ मध्ये कंपनीनं खेळातल्या बाजारावर लक्ष ठेवायला चक्क अर्थशास्त्रज्ञ नेमला. खेळाडूंनी तर तिथे बँकच काढली! २००९ मध्ये तिच्या प्रमुखानं ठेवींतलं सुमारे २०० अब्ज खेळातलं चलन काढून घेतलं आणि ते खऱ्या पैशांना विकलं. ठेवीदार पैसे काढायला धावले. इतकी अस्सल बँक मी सिनेमातसुद्धा पाहिलेली नाही.

गंमत अशी, की एवढं होऊनही लोक तो खेळ सोडून गेले नाहीत. आजही तो चालू आहे. तिथे त्यांचे दोस्त आहेत, वैरी आहेत, उधाऱ्या आहेत. असं गाव सोडून माणूस केवळ पाटी मोठी म्हणून दुसरीकडे राहायला कशाला जाईल?

भाचा गप्प बसला नाही. त्याच्या पिढीत ती पद्धत नाही. "पण नाव नसेल तर पहिला माणूस येणार कसा?" म्हणाला. प्रश्न रास्त आहे. पहिल्या माणसाला आणायला नाव उपयोगी पडतंच. दुसऱ्या दिवशी तो येतो, तो मात्र पहिल्या दिवशी भेटलेल्यांसाठी.

आमच्या बँकेचं विलीनीकरण झालं तेव्हा पाटी बदलली, रंग बदलला, नावही गेलं. पेन्शनर आजोबा मात्र एक तारखेला तसेच येतात आणि बाकावरच्या दुसऱ्या आजोबांशेजारी बसतात. नवी पाटी वाचायला दोघांनाही चष्मा लागतो. एकमेकांना ओळखायला लागत नाही.