कमरेचा दोर

2024 चा गुढीपाडवा 9 एप्रिलला होता. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या नेवासे तालुक्यातल्या वाकडीत एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. ती विहीर पाण्याची राहिली नव्हती. तिच्यात शेण-मूत साठवलेलं होतं. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, त्याच्यामागे तिसरा. असे उतरलेल्या सहा जणांपैकी पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. वरच्या माणसांनी त्याला ओढून घेतलं.

आमचं गाव याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. वाकडीची बातमी आली तेव्हा पारावर, गिरणीवर, सगळीकडे एकच बोलणं: सगळेच कसे उतरले असतील? मला त्यात नवल वाटलं नाही. विहिरीत कुणी पडलं की आमच्याकडचा पोहणारा माणूस सदरा काढून मोकळा होतो. घरातलं माणूस खाली निपचित दिसत असताना काठावर उभं राहणं कुणाला जमणार? धाडस गावात भरपूर आहे. थांबायचं कसं, हे मात्र आम्हाला कुणी कधी शिकवलेलं नव्हतं.

ते मी पहिल्यांदा ऐकलं आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात. शिकवणारे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले होते. त्यांनी शेणखड्ड्यावर बराच वेळ घेतला, आणि ते बरं केलं, कारण बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या दारात गोठा होता. शेण कुजताना मिथेन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि हायड्रोजन सल्फाइडही. शेवटचे दोन हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण हा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं हवा निवळली. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते.

एका म्हाताऱ्या शेतकरी बाबांनी विचारलं, ‘‘आम्ही तर विहिरीत आधी कंदील सोडून बघायचो. विझला तर उतरायचं नाही.’’ सरांनी त्यांना उडवून लावलं नाही. म्हणाले, ‘‘बाबा, कोंदट विहिरीत तुमचा कंदील खरं सांगत होता. पण शेणाच्या खड्ड्यात मिथेन असतो, तिथं ज्योत सोडली तर भडका उडेल.’’ मग मी विचारलं, आधी कमरेला दोर बांधला तर उतरता येईल का? ‘‘ताई, दोर बांधूनसुद्धा नाही. श्वासाचं उपकरण असलेला माणूस येईपर्यंत खाली कुणी जायचं नाही. वरून गळ टाका, दोराचा फास टाका, 112 ला फोन करा, आणि दुसऱ्याला उतरू देऊ नका. त्याला धरून ठेवायला लागलं तरी धरून ठेवा.’’ ते शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

नदीचंही तसंच. आधी काठावरून काठी पुढे करायची, मग दोर फेकायचा, तरंगणारी वस्तू टाकायची. दूध घालायला आपण जो कॅन नेतो, तो रिकामा, झाकण घट्ट लावलेला, बुडणाऱ्याला धरून ठेवायला पुरतो. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून पोट दाबायचं नाही. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. पुतळ्यावर करताना माझी मनगटं भरून आली. बायका आधी मागे सरत होत्या, परक्या पुरुषाच्या छातीवर हात कसा ठेवायचा म्हणून. पण अपघात दुपारी झाला तर गावात असतं कोण? आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. तरी अशा प्रशिक्षणाला नावं जातात ती तरुण पोरांची. हे बदलायला हवं.

वाकडीनंतर दीड महिन्यात, 23 मे 2024 ला, अकोले तालुक्यात सुगावजवळ याच प्रवरेत धुळ्याहून आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. बुडालेल्या तरुणाचा शोध घ्यायला आलेले तीन जवान गेले. शिकलेल्या, सरावातल्या माणसांना नदीने ओढून नेलं. आमच्या पोरांना मी हे नेहमी सांगते. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे पाण्यात उतरायचा परवाना नव्हे.

आणि अंतर बघा. राज्याचं दल धुळ्याला आणि नागपूरला. राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. मार्च 2023 मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत ऊसतोड मजुराचं पाच वर्षांचं मूल उघड्या बोअरमध्ये पडलं, तेव्हा पुण्याहून दल आलं, रात्री उशिरापर्यंत खोदलं. मूल वाचलं नाही. उघड्या बोअरबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश 2010 पासून आहेत. ते पाळले असते तर कुणाला धावून यावंच लागलं नसतं.

कायदाही आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 चा. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. एवढं ऐकून आम्हाला वाटायचं, हे नगरचं काम, वरचं काम. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मात्र मला कलम 41 सापडलं: आपले अधिकारी आणि कर्मचारी प्रशिक्षित असतील, साधनं वापरण्याजोगी असतील, हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. स्थानिक प्राधिकरणात पंचायतही येते. म्हणजे आम्ही.

1 मेच्या ग्रामसभेत मी ते कलम वाचून दाखवलं. ‘‘इथं पाणीपट्टी गोळा होईना, अन् दोर कशाला?’’ असं एक जण म्हणाले. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विचारलं, ‘‘ताई, खर्च कोणत्या हेडला टाकायचा?’’ प्रश्न रास्त होता. दोघांनाही मी वाकडीचं सांगितलं, आणि सभा गप्प झाली. मग ठराव झाला: नायलॉनचा जाड दोर, लोखंडी गळ, दोन टायरच्या ट्यूब पंचायतीत ठेवायच्या, कुलपाची चावी शिपाई आणि शेजारच्या किराणा दुकानात, दोन्हीकडे. पाणीपुरवठ्याचा कर्मचारी आणि सफाई कामगार पुढच्या प्रशिक्षणाला जायचे. त्यांना तर रोजच टाकीत आणि गटारात उतरायला लागतं. पहिला हक्क त्यांचा होता. बचत गटाच्या बायकांचीही नावं मी त्यात घालून घेतली.

पहिली रंगीत तालीम शाळेच्या मैदानात झाली. बांबूला साड्या गुंडाळून स्ट्रेचर केलं, 1077 हा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर पोरांकडून पाठ करून घेतला. गावातले शेणखड्डे, पडक्या विहिरी आणि बंद बोअर यांची यादी अंगणवाडी ताईंनी आणि मी घरोघर फिरून केली. बोअरवर टोपणं बसली. काही खड्ड्यांवर अजून जाळी नाही, मालक म्हणतात उसाचं बिल आलं की बसवतो. पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे जाळीचा खर्च तूर्त पंचायतीने करावा आणि नंतर हप्त्याने वसूल करावा, असा अर्ज मी दिला आहे. पुढच्या मासिक सभेत तो येईल.